ल प्वी ते कोंक : फ्रान्सच्या खेड्यांतून दहा-बारा दिवस चालताना

फ्रान्समध्ये पहिल्यांदाच पायी फिरायला जाणाऱ्याला मी एकच वाट सुचवते. देशाच्या मध्याशी असलेल्या ल प्वी-आं-व्हले या गावातून निघायचं आणि दहा-बारा दिवसांनी कोंकला पोचायचं. अंतर साधारण २०५ किलोमीटर. नकाशावर हिचं नाव जीआर ६५, लोकांच्या तोंडी मात्र ‘शमँ द सँ-जाक’, म्हणजे सेंट जेम्सची वाट. पुढे ती थेट स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत जाते. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क ९५०-५१ साली सांतियागोला जाऊन आला, तेव्हापासून या वाटेवर माणसं चालत आहेत.

वाट अवघड नाही. दोर लावायची, जीव मुठीत धरायची एकही जागा नाही. पण सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला एक सवय मोडावी लागते. आपण गडाच्या माथ्यासाठी चालतो. पायथ्याचं गाव म्हणजे गाडी लावायची आणि चहा प्यायची जागा. इथे माथा नाही, गाव हेच ठिकाण आहे. पलंग गावात, पाव गावात, पाणी गावात, आणि हजार वर्षांची देवळं-पूल-घंटाही गावातच. म्हणून दिवसाची आखणी किलोमीटर मोजून करू नका, गावं मोजून करा. बाकी सगळं या एका गोष्टीतून सुचत जातं.

टप्पे ठरवणं

रूढ टप्पे असे आहेत: ल प्वी ते सँ-प्रिव्हा-दालिए २४ किलोमीटर, तिथून सोग १९, ल सोव्हाज २०, ओमाँ-ओब्राक २७, नाझबिनाल २६, सँ-शेली-दोब्राक १७, एस्पालियों २२, एस्तँ ११-१२, गोलिन्याक १५ आणि शेवटी कोंक २१. हे दहा दिवस झाले. मी त्यात दोन दिवस वाढवायला सांगते. ओमाँ ते नाझबिनाल हा टप्पा मध्ये मुक्काम करून दोन दिवसांत करा, आणि एक दिवस कोंकसाठी ठेवा. एस्पालियों ते एस्तँ हे अंतर कमी आहे म्हणून त्याला पुढचा टप्पा जोडायचा मोह होतो. तो आवरा. एस्तँला दुपारी दोनला पोचून नदीकाठी बसता येणं हाच त्या दिवसाचा लाभ आहे.

आपल्याकडे कळसूबाई किंवा राजगड एका दिवसात करून येणारे बरेच जण ‘वीस किलोमीटर म्हणजे काय’ असं म्हणतात. एक दिवस वीस चालणं सोपंच आहे. सलग दहा दिवस, पाठीवर सात-आठ किलो घेऊन, रोज सकाळी त्याच पायांत तेच बूट चढवणं वेगळं. वारी केलेल्यांना हे सांगावं लागत नाही. निघण्यापूर्वी दोन महिने आठवड्याच्या सुट्टीला लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चाला. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी पाय काय सांगतात ते महत्त्वाचं.

इतके दिवस नसतील तर नाझबिनालपासून कोंकपर्यंतचे पाच-सहा दिवस निवडा. वाटेचा सगळ्यात देखणा भाग त्यात येतो. जवळच्या ओमाँ-ओब्राकला रेल्वे स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक आधी पाहा.

महिना आणि मुक्काम

मेचा दुसरा पंधरवडा, जून आणि सप्टेंबर हे उत्तम. एप्रिलमध्ये ओब्राकच्या पठारावर बर्फ असू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या लोत नदीच्या खोऱ्यात ऊन भाजून काढतं. मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या आणि त्यांना लागून येणारे धार्मिक सण यांमुळे फ्रेंच लोक मोठ्या संख्येने याच वाटेवर उतरतात, आणि ‘कोंप्ले’, म्हणजे जागा भरल्या, हा शब्द फोनवर ऐकू येऊ लागतो.

मुक्कामाची जागा म्हणजे झीत, वाटसरूंसाठीचं साधं निवासघर. एका खोलीत चार ते दहा पलंग, सामायिक न्हाणीघर, आणि बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी. या तिन्हीला मिळून ‘दमी-पाँसियाँ’ म्हणतात आणि तेच घ्यावं, कारण लहान गावात खाणावळ सापडेलच असं नाही. माणशी चाळीस ते पंचावन्न युरो धरून चला. काही घरं फक्त रोख घेतात. एटीएम ल प्वी, सोग, ओमाँ-ओब्राक, एस्पालियों अशा मोठ्या गावांतच मिळतात हे लक्षात ठेवा. काही जागी ठरलेला दर नसतो, स्वेच्छेने पेटीत पैसे टाकायचे असतात. तिथे कमी टाकू नका, त्याच पैशातून उद्याच्या वाटसरूचा स्वयंपाक होतो.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शुल्क ९० युरो, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. रोजच्या मुक्कामाचा पुरावा मागतात, त्यामुळे सगळे झीत आधी पक्के करून त्यांचे ईमेल तारखेप्रमाणे लावून जोडा. बरेच झीतवाले इंग्रजी जेमतेम बोलतात. चार ओळींचा फ्रेंच मजकूर तयार करून पाठवला की उत्तर लवकर येतं.

सॅकमध्ये काय

सॅकचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहिलं तर गुडघे दुवा देतील. अंगावरचा एक आणि सॅकमध्ये एक असे कपड्यांचे दोनच जोड, लोकरीचे मोजे तीन जोड्या, पावसाचं जाकीट, सॅकचं कव्हर, गरम वस्त्र एक, संध्याकाळी घालायला हलक्या सपाता, दोन काठ्या, पातळ चादरीची झोळी (गादी-ब्लँकेट मिळतं, चादर बहुधा नाही), दीड लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या. बूट नवे नकोत. ज्यांना पाठीवर ओझं नकोच आहे त्यांच्यासाठी सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोचवणाऱ्या सेवा या वाटेवर आहेत. सकाळी ठरलेल्या वेळेआधी बॅग दाराशी ठेवायची, संध्याकाळी पुढच्या गावात ती तुमची वाट पाहत असते. वयस्कर आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हा खर्च जरूर करा.

घरून खाऊ नेताना एक काळजी घ्या. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप आणि खवा घरीच राहू दे. कोरडी चटणी, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे चालतात, आणि उकडलेल्या बटाट्यावर मेतकूट भुरभुरल्यावर झीतमधल्या फ्रेंच सोबत्यांनी माझी डबी फिरवून फिरवून रिकामी केली होती.

ल प्वीत एक अख्खा दिवस

पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनावरून जलदगाडीने लियाँ किंवा सँ-एतियेनला जायचं, तिथून स्थानिक गाडीने ल प्वी. चार-पाच तास लागतात. दुसऱ्याच दिवशी सकाळी निघण्याची घाई करू नका.

गाव ज्वालामुखीच्या सुळक्यांभोवती वसलं आहे. एका ८२ मीटर उंच सुळक्याच्या टोकावर सँ-मिशेल देगिल्ह हे चापेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, आहे. ९६१ साली बिशप गोदेस्काल्कच्याच काळात ते उभं राहिलं. चढायला २६८ पायऱ्या आहेत, आणि चढलात की पायांची पहिली परीक्षाही होते. दुसऱ्या खडकावर मेरीचा १६ मीटर उंच लोखंडी पुतळा आहे. सेवास्तोपोलच्या लढाईत हाती लागलेल्या २१३ रशियन तोफा वितळवून तो ओतला आणि १८६० मध्ये उभारला. जुन्या कॅथेड्रलमध्ये काळी मेरी आहे. मूळ मूर्ती १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत जाळली गेली, आजची दुसरी, तिच्या जागी नंतर आणलेली.

कॅथेड्रलमध्येच ‘क्रेदाँसियाल’ मिळते, वाटसरूची घडीची पुस्तिका. दर मुक्कामी तीत शिक्का मारून घ्यायचा. काही झीत ती पाहूनच जागा देतात. सकाळी सातच्या प्रार्थनेनंतर वाटसरूंना आशीर्वाद देतात, आणि मग गाभाऱ्यापुढच्या फरशीतली लोखंडी जाळी उघडते. त्या उघडलेल्या जमिनीतून पायऱ्या उतरत तुम्ही थेट गावाच्या रस्त्यावर येता. धर्म कुठलाही असो, या दाराने निघा.

लाल-पांढऱ्या खुणा

जीआर म्हणजे ‘ग्राँद राँदोने’, दूरच्या पायवाटा. यांची खूण दोन आडव्या पट्ट्यांची असते, वर पांढरी, खाली लाल. ती झाडावर, गडग्याच्या दगडावर, विजेच्या खांबावर कुठेही असते. वळण असेल तर पट्ट्यांखाली बाण असतो. लाल-पांढरी फुली दिसली की ती वाट आपली नाही. फक्त पिवळी पट्टी म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी, तिच्यामागे जाऊ नका.

नियम एवढाच की दहा मिनिटं खूण दिसली नाही तर थांबायचं आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे जायचं. ‘पुढे असेल’ म्हणत रेटायचं नाही. सोगच्या पुढे मार्जरीदच्या पाइनच्या जंगलात गप्पांच्या नादात आम्ही एक फुली पाहूनही न पाहिल्यासारखी केली, आणि तासभर उलटं चाललो. फोनवर वाट उतरवून ठेवा, पण फोन खिशात ठेवून खुणा वाचत चाला. तिसऱ्या दिवसापासून डोळे आपोआप शोधू लागतात.

पहिल्या दोन दिवसांतली एकच जागा जपण्याची. सँ-प्रिव्हानंतर रोशग्यूद नावाच्या कड्यावर एक मोडका बुरूज आणि सेंट जेम्सचं इवलंसं चापेल आहे. तिथून मोनिस्त्रॉलपर्यंत वाट साडेतीनशे मीटर खाली उतरते, दगड आणि मुळांतून. पाऊस असेल तर काठ्या आखूड करा, पावलं छोटी टाका. मी पहिल्या खेपेला इथेच घाई केली आणि पुढचे चार दिवस उजवा गुडघा धरून चालले.

गाव वाचायला शिका

मोठी स्मारकं फलक सांगतात. लहान खेड्यांत फलक नसतो, पण पाहायला तिथेच जास्त असतं. प्रत्येक वाडीत शिरताना या गोष्टी शोधा.

ल प्वीभोवतीच्या व्हले भागातल्या वाड्यांत एखाद्या साध्या घराच्या छपरावर लहानशी घंटा टांगलेली दिसेल. ते ‘बेआत’चं घर. बेआत म्हणजे गावातल्या मुलींना अक्षरं, प्रार्थना आणि लेस विणणं शिकवणारी बाई. या शिक्षिकांची परंपरा सतराव्या शतकात ल प्वीतच सुरू झाली. हिवाळ्याच्या संध्याकाळी गावातल्या बायका तिच्या घरी एकत्र बसून लेस विणत. शाळा, देऊळ आणि बैठकीची खोली असं सगळं त्या एका घरात होतं.

चौकात दगडी घुमटाची भट्टी असेल तर ती गावाची सामायिक भट्टी. आळीपाळीने सगळ्या घरांचे पाव तिच्यात भाजले जात. ओब्राकच्या वाटेवरच्या रियतॉर गावात ती छान टिकून आहे, शेजारी जनावरांच्या पाण्याची दगडी कुंडीही. झऱ्याजवळ छपराखाली उतरत्या दगडांचा हौद दिसला तर तो धुणं धुवायचा. चार जाड लाकडी खांबांचा, पट्टे लटकवलेला सांगाडा दिसला तर थांबा. आपल्याकडे बैलाला आडवा पाडून पत्र्या मारतात, इथे बैलाला उभ्यानेच या सांगाड्यात पट्ट्यांवर तोलून धरत आणि एकेक खूर बांधून नाल ठोकत.

आणि प्रत्येक गावात, अगदी तीस उंबऱ्यांच्याही, एक स्मारक असतं: १९१४ ते १९१८. नावं वाचा. एकच आडनाव तीनदा, चारदा येतं. मग आजूबाजूला बंद खिडक्यांची घरं पाहा. मला या देशाच्या खेड्यांची गोष्ट कुठल्याही संग्रहालयापेक्षा त्या दगडांनी जास्त सांगितली.

सोगमध्ये गेव्होदाँच्या श्वापदाचं संग्रहालय आहे. १७६४ ते १७६७ या काळात या जंगलपट्ट्यात एका हिंस्र प्राण्याने, बहुतेक बायका-मुलांचे, बळी घेतले. राजाने शिकारी धाडले. अखेर जून १७६७ मध्ये ज्याँ शास्तेल या इथल्याच माणसाने तो प्राणी मारला. लहान मुलं बरोबर असतील तर जंगलाचा टप्पा संपल्यावर ही गोष्ट सांगा.

ओब्राक

ओमाँ-ओब्राकनंतर झाडं मागे पडतात आणि पठार सुरू होतं. मैलोगणती गायरान, काळ्या दगडांचे कोरडे गडगे (कोकणातल्या माणसाला इथे घरचं वाटेल), आणि डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारख्या काळ्या कडा असलेल्या फिकट तपकिरी गाई. वाट त्यांच्या कुरणातूनच जाते. फाटक उघडलंत तर लावा. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका, वळसा घाला.

नाझबिनालच्या देवळाच्या दारावरच्या एका खांबमाथ्यावर धनुर्धर आणि भालेकरी समोरासमोर कोरले आहेत. तीन वीतभर दगड आहे, न थांबता गेलात तर दिसणार नाही. गावात पियेरूने या हाडवैद्याचं स्मारक आहे, खाली कुबड्या कोरलेल्या. दूरदूरहून लोक त्याच्याकडे लंगडत येत आणि चालत परत जात अशी त्याची ख्याती. माझ्या गुडघ्याने त्याला मनोभावे नमस्कार केला.

नाझबिनाल ते सँ-शेली हा १७ किलोमीटरचा तुकडा १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाट इथे सुमारे १३७० मीटरपर्यंत चढते आणि ओब्राक या वाडीशी उतरते. बाराव्या शतकात आदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने इथे वाटसरूंसाठी आसरा बांधला. धुकं उतरलं की तिथली ‘वाट चुकलेल्यांची घंटा’ वाजवत राहत, आवाजाच्या दिशेने माणसं आत येत. धुकं आजही तसंच उतरतं. हवामान पाहूनच निघा, आणि धुक्यात गडग्याची सोबत सोडू नका.

सँ-शेलीच्या जुन्या पुलावर दगडी क्रूस आहे. त्याच्या पायाशी वाकून पाहा: झगा, काठी आणि जपमाळ घेतलेला एक वीतभर उंचीचा वाटसरू कोरलाय. शतकानुशतकं पाऊस खाऊन त्याचा चेहरा पुसट झालाय, काठी मात्र शाबूत आहे.

जेवण, पाणी, रीतभात

शाकाहारी असाल तर मुक्काम ठरवतानाच कळवा आणि पोचल्यावर पुन्हा सांगा. ‘ज स्वी व्हेजेतारियेन’ बाईने म्हणायचं, पुरुषाने ‘व्हेजेतारियें’. तेवढ्यावर थांबू नका. ‘नी व्यांद, नी प्वासाँ, नी लार्दाँ’ म्हणजे मांस, मासे आणि डुकराच्या चरबीचे तुकडेही नको, हे जोडा. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, पण ती बहुतेक वेळा त्या तुकड्यांबरोबरच शिजते. ओब्राकचा आलिगो मात्र खाच: बटाटा कुस्करून त्यात ताजं चीज घोटतात, इतकं की पळी वर उचलली तर हातभर तार लोंबते. चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुकानं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती अडीचपर्यंत. रविवारी दुपारी आणि सोमवारी बऱ्याच गावांत शुकशुकाट असतो. त्यामुळे उद्याचा पाव आज घ्या. नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर पाणी प्या, ‘नाँ पोताब्ल’ असेल तर फक्त तोंड धुवा. नळ सापडत नसेल तर गावाच्या दफनभूमीत पाहा, फुलझाडांसाठी तिथे नळ असतोच. त्यावरची पाटी मात्र वाचा.

वाटेत कोणीही भेटलं, दुकानात शिरलात, तर आधी ‘बाँजूर’. त्याशिवाय केलेला प्रश्न इथे उद्धट वाटतो. झीतमध्ये बूट आणि बहुधा सॅकही दाराशीच ठेवायला सांगतात, ढेकणांच्या भीतीने. राग मानू नका. रात्रीचं जेवण सात वाजता सगळ्यांचं एकाच टेबलावर असतं. उशीर होणार असेल तर फोन करा, यजमानीण खरोखर काळजीत पडते.

संध्याकाळी पाय आणि गुडघ्यामागची जागा गोचिडीसाठी तपासा. सापडली तर चिमट्याने सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ उमटलं तर डॉक्टरकडे जा. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो, सॅकवर भडक रंगाचं कापड बांधा. आणीबाणीचा क्रमांक ११२.

कोंक

शेवटचा उतार खोल आणि निसरडा आहे, आणि अगदी खाली येईपर्यंत गाव दिसत नाही. मग एकदम पाटीसारख्या दगडाची छपरं आणि मधोमध सँत-फ्वाचं मंदिर. नवव्या शतकात एका भिक्षूने आजाँ शहरातून या बालहुतात्मा मुलीच्या अस्थी चोरून इथे आणल्या. त्या चोरीमुळे वाट इकडे वळली आणि गाव मोठं झालं.

दारावरच्या कमानीत अंतिम न्यायाचं शिल्प आहे, १२४ आकृत्यांचं. कंजूस माणूस गळ्यात पैशांची थैली अडकवून फासावर लटकतोय. मी मात्र तुम्हाला कमानीच्या अगदी बाहेरच्या पट्टीकडे पाहायला सांगेन. तिथे काही छोटी तोंडं पट्टीच्या आडून डोकावतात, दोन्ही हातांची बोटं काठाला धरून, जत्रेत गर्दीमागून पाहणाऱ्या पोरांसारखी. आत रोदेझला जन्मलेल्या पियेर सुलाज यांनी केलेल्या १०४ खिडक्या आहेत, १९९४ च्या. त्यांत चित्र नाही, रंग नाही, फक्त दुधी काच आणि काळ्या रेषा. सकाळी एकदा आणि सूर्य मावळताना एकदा, अशा दोनदा आत बसा. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर इथले भिक्षू वाटसरूंना आशीर्वाद देतात आणि शिल्प समजावून सांगतात.

परतीची सोय आधी बघून ठेवा, कोंकला रेल्वे नाही. रोदेझ सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, तिथून तुलूझला गाडी मिळते. बस थोड्या, म्हणून सामान नेणाऱ्या सेवांच्या मिनीबसमधून ल प्वीला परतणं बऱ्याच जणांना सोयीचं पडतं. जागा आधी राखून ठेवा. गाडीला वेळ असेल तर सकाळी लवकर दुर्दू नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत उतरून या. पलीकडच्या चढावर एक चापेल आहे. सांतियागोकडे पुढे जाणारे वाटसरू तिथे पोचले की घंटा वाजवतात, आणि ती अख्ख्या कोंकमध्ये ऐकू येते.